पाटील मास्तरांचे बोर्डिंग

पाचगणीत शाळा आणल्या त्या हवेने. १८६०च्या दशकात जॉन चेसनने हे थंड हवेचे ठिकाण वसवायला घेतले आणि शतक सरता सरता तिथे निवासी शाळा उभ्या राहू लागल्या: किमिन्स, सेंट जोसेफ, पाठोपाठ युरोपियन मुलांची शाळा, म्हणजे आजचे सेंट पीटर्स. १९२२ मध्ये पंडित बंधूंनी काढलेली शाळा पुढे ‘संजीवन’ झाली. मुले लांबून येत; झांझिबारचा फारोख बुलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, सेंट पीटर्समध्येच शिकला.

आणि सातारा जिल्ह्यातली, शेतकऱ्यांची पोरे?

१९२३च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे आला. पण गावातली शाळा संपली की पुढे शिकायला शहरात राहावे लागे, आणि राहायचे कुठे, खायचे काय, हा प्रश्न बोर्डाच्या कक्षेबाहेरचा. तो ओळखला एका माजी शिकवणीवाल्याने. कुंभोजला १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव पायगोंडा पाटील कोल्हापूरला जैन बोर्डिंगात राहून शिकले होते. स्वतःची मॅट्रिकही झाली नव्हती, तरी साताऱ्यात शिकवण्या घेत म्हणून लोक त्यांना ‘पाटील मास्तर’ म्हणत. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव फिरले. खेड्याची अशी ओळख बोर्डाच्या बैठकीत बसून थोडीच होते!

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे महार, मराठा, जैन, मुसलमान अशी सगळी मुले एका पंगतीत जेवत. त्या काळात हे सोपे नव्हते. धान्य संपले की पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गहाण पडत. मंगळसूत्रही सुटले नाही. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव मिळाले.

पाचगणीची मुले फी भरून राहत, साताऱ्याची राबून. म्हणजे दोन्हीकडे शाळेइतकेच महत्त्व बोर्डिंगला होते. फरक पैशाचा होता, आणि मास्तरांनी तो ‘कमवा आणि शिका’ म्हणत श्रमाने भरून काढला.

पण वसतिगृहात मावतील एवढ्याच मुलांचे भागत होते. गावोगावी शाळा काढायच्या तर मास्तर हवेत. म्हणून १९३५ मध्ये संस्थेने साताऱ्यात शिक्षकांचे ट्रेनिंग कॉलेज काढले. नाव मात्र ‘सिल्व्हर ज्युबिली’! रौप्यमहोत्सव होता पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाचा आणि नाव देणारे होते खादीधारी भाऊराव.