वारसा कुणाचा, हे ठरवतं कोण? महाडचा ठराव, दादरचा बुलडोझर आणि लंडनचं घर

२५ जून २०१६. पहाटेच्या अंधारात, पावसाळ्यात, दादरचं आंबेडकर भवन पाडलं गेलं. सोबत बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेसही गेली. ज्या छापखान्यातून बाबासाहेबांचं 'प्रबुद्ध भारत' निघालं, त्या छापखान्याच्या भिंती सकाळी ढिगाऱ्यात सापडल्या. १९ जुलैला मुंबईत भर पावसात प्रचंड मोर्चा निघाला. आपल्यापैकी अनेकजण त्या मोर्चात होते.

त्या दिवसांत आपण पुष्कळ बोललो. विश्वस्त कोण, जागा कुणाची, तिथे होऊ घातलेली १७ मजली इमारत कुणासाठी, पोलीस काय करत होते, यावर आपण भांडलो आणि ते भांडण रास्तच होतं. पण एक प्रश्न मागे राहिला. या शहरात जुन्या वास्तूला हात लावण्याआधी परवानगी घ्यावी लागते, त्यासाठी महापालिकेची एक समिती आहे, एक यादी आहे. फोर्टातल्या एखाद्या इंग्रजी इमारतीची खिडकी बदलायची तर फाईल फिरते. मग बाबासाहेबांच्या छापखान्याबाबत सगळी चर्चा 'धोकादायक बांधकाम' या दोन शब्दांभोवतीच का फिरली? 'ऐतिहासिक वास्तू' हे शब्द त्या कागदांच्या मध्यभागी का नव्हते?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला दादरहून महाडला जावं लागेल.

मित्रहो, महाडचा सत्याग्रह आपण पाण्याचा सत्याग्रह म्हणून सांगतो. तो पाण्याचा होताच, आणि पाण्याहून मोठ्या गोष्टीचा, माणूसपणाचा होता. पण त्याच्या मुळाशी एका स्थानिक स्वराज्य संस्थेचा कागद आहे, हे आपण भराभर सांगून पुढे जातो. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा सांभाळली जाणारी तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत ठराव करून चवदार तळं सर्वांना खुलं केलं. तीन वर्षं तो ठराव दप्तरात पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी तो ठराव पायांनी चालत जाऊन अमलात आणला.

पुढे काय झालं? सनातन्यांनी तळं 'शुद्ध' केलं हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच वर्षी ४ ऑगस्टला महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, हे किती जणांना आठवतं? जी संस्था देते तीच बहुमताने काढून घेऊ शकते, हा धडा बाबासाहेबांनी तिथे प्रत्यक्ष पाहिला.

मग प्रकरण कोर्टात गेलं. सवर्ण वादींचं म्हणणं काय होतं? तळं खाजगी आहे आणि फार पूर्वीपासून, अनादी काळापासून अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची वहिवाट आहे. म्हणजे त्यांनी 'जुनेपणा' पुराव्यासारखा पुढे केला. बहिष्कार जुना आहे म्हणून तो कायदेशीर, असा तो युक्तिवाद होता. नऊ वर्षांहून अधिक काळ हा खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: तळं नगरपालिकेचं आहे आणि अशी अनादी वहिवाट वादींना सिद्ध करता आलेली नाही.

आम्ही समाजशास्त्र शिकताना 'परंपरा' हा शब्द फार निरागसपणे वापरला जाताना पाहिला. महाडचा खटला सांगतो की परंपरा ही सिद्ध करावी लागते, तपासावी लागते, आणि तिचा दावा कोण करतंय हे आधी विचारावं लागतं. वारसा या शब्दालाही हाच नियम लावला पाहिजे.

आता मुंबईत येऊ.

१९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. देशातली अशी ही पहिली नियमावली. सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसर यादीत आले. त्यांच्या तीन श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीच्या वास्तूला जवळजवळ हात लावता येत नाही, दुसऱ्या श्रेणीत मर्यादित बदल चालतात, तिसऱ्या श्रेणीत बरीच मोकळीक असते. यादीतल्या वास्तूत बदल करायचा तर अर्ज महापालिकेकडे जातो, मुंबई वारसा संवर्धन समिती त्यावर मत देते आणि आयुक्त निर्णय घेतात. समितीत वास्तुरचनाकार असतात, स्ट्रक्चरल इंजिनिअर असतात, इतिहासाचे जाणकार असतात.

हे चांगलंच आहे. आमचं भांडण या व्यवस्थेशी नाही. ही व्यवस्था नसती तर बिल्डरांनी अर्धी मुंबई कधीच गिळली असती. आमचं भांडण यादीशी आहे. कमानी, घुमट, दगडी कोरीवकाम, गव्हर्नरांचे बंगले, शेटजींच्या हवेल्या यांनी यादी भरलेली दिसते. ज्यांना दगड कोरायला लावले पण दगडावर नाव कोरू दिलं नाही, त्यांच्या जागा शोधायला बसलं की बोटं यादीवरून लांबवर सरकत जातात.

पण इथे एक गोष्ट आपण स्वतःलाही ऐकवली पाहिजे. नियमावलीत वास्तूची निवड करताना बघायचे निकष दिले आहेत. त्यात फक्त वास्तुशैली नाही. सामाजिक आणि आर्थिक इतिहासाशी असलेला संबंध हाही निकष आहे. नामवंत व्यक्ती किंवा घटनेशी असलेला संबंध हाही निकष आहे. म्हणजे दार कायद्याने बंद केलेलं नाही. महाड नगरपालिकेच्या ठरावासारखंच ते कागदावर उघडं आहे. त्या दारातून चालत जायचं काम आपण पुरेसं केलेलं नाही.

उदाहरण परळचं घ्या. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इंग्रज सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्याच्या चाळी म्हणजे बीआयटी चाळी. परळच्या पहिल्या क्रमांकाच्या चाळीत ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्यांत बाबासाहेब १९१२ ते १९३४ या काळात राहिले. कोलंबियाला गेले, लंडनला गेले, परत आले ते याच खोल्यांत. 'मूकनायक' निघालं तेव्हा आणि महाड घडलं तेव्हा त्यांचा पत्ता हाच होता. राजगृह नंतरचं. १९३३ मध्ये हा ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला, म्हणजे चाळी महापालिकेकडे आल्या. जी महापालिका वारसा ठरवते तीच इथे घरमालक आहे! जगातल्या कुठल्याही शहराने अशा दोन खोल्या डोक्यावर घेतल्या असत्या. आपल्याकडे त्यांच्या स्मारकाची मागणी वर्षानुवर्षं निवेदनांतून फिरत राहिली.

आता कुणी म्हणेल, चाळीतल्या माणसांचं काय? त्यांनी गळक्या छपराखाली राहून तुमचा इतिहास सांभाळायचा का? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. बीडीडी चाळींकडे बघा. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे २०७ इमारती बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. या चाळींनी गिरणी कामगारांचे संप पाहिले, भीमजयंत्या पाहिल्या, जानेवारी १९७४ मध्ये वरळीत दलित पँथरच्या सभेवरचा हल्ला आणि त्यानंतरची दंगल पाहिली. आता वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावर पुनर्विकास सुरू आहे आणि रहिवाशांना ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय. चार पिढ्या १६० फुटांत काढलेल्या आईला आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार की तुमची खोली हा वारसा आहे, ती बदलू नका?

नाही सांगणार. बाबासाहेबांनी आपल्याला खेडं सोडून शहरात जायला सांगितलं, ते जुन्या जागेच्या प्रेमात अडकायला नव्हे. गरिबाच्या घराला 'वारसा' म्हणून गरिबालाच त्यात कोंडायचं, ही हौस ज्यांच्या स्वतःच्या घरी लिफ्ट आहे त्यांना परवडते. आमचं म्हणणं साधं आहे. माणसांना घरं आधी. पण या इमारती पाडताना एखादी इमारत, एखादा जिना, एखाद्या खोलीतला तो चुलीचा कोपरा जपायचा की नाही, कुठली इमारत जपायची, तिथल्या पाटीवर काय लिहायचं, हे ठरवताना त्या चाळीतली माणसं टेबलाशी बसलेली हवीत. 'जपा किंवा पाडा' एवढे दोनच पर्याय आपल्यासमोर ठेवणं हीच फसवणूक आहे.

हेच टेबल लंडनमध्ये कसं मांडलं गेलं ते पाहू, कारण तिथेही आपलंच घर होतं.

१०, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये बाबासाहेब या घरात राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने तीस लाख पौंडांहून अधिक देऊन ते विकत घेतलं आणि त्याच वर्षी स्मारक म्हणून त्याचं उद्घाटन झालं. पण राहत्या घराचं संग्रहालय करायचं तर तिथे स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते, आणि ती परवानगी नव्हती. मागाहून अर्ज गेला. ऑक्टोबर २०१८ मध्ये कॅम्डेन कौन्सिलने तो फेटाळला. कारण दिलं, राहण्याची जागा कमी होते. शेजारच्या काही रहिवाशांनी गर्दी आणि आवाजाच्या तक्रारी केल्या होत्या.

आपल्याकडे तेव्हा संतापाची लाट आली. संताप आम्हालाही आला. पण प्रक्रिया नीट पाहा. नकार लेखी होता, कारणासह होता आणि त्यावर अपील करता येत होतं. महाराष्ट्र शासनाने अपील केलं. सप्टेंबर २०१९ मध्ये सार्वजनिक सुनावणी झाली, दोन्ही बाजू मांडल्या गेल्या. मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्याने अपील मान्य करून संग्रहालयाला परवानगी दिली. एका घराची जागा जाते हे एका पारड्यात आणि बाबासाहेबांच्या स्मृतीचं मोल दुसऱ्या पारड्यात, असं उघड वजन झालं आणि आपलं पारडं जड ठरलं.

लंडन आदर्श आहे असं आम्ही म्हणत नाही. साम्राज्याचा माल भरून ठेवलेल्या शहराकडून आपण नीती शिकायची गरज नाही. पण फरक मोजा. लंडनमध्ये आपलं स्मारक अडलं तेव्हा दीड वर्ष कागद बोलले. दादरमध्ये आपली वास्तू पडली तेव्हा एका रात्रीत बुलडोझर बोलला. आणि तो बुलडोझर परक्यांनी नाही, बाबासाहेबांच्याच नावाने चालणाऱ्या ट्रस्टच्या विश्वस्तांनी आणवला, हे दुखणं वेगळंच. म्हणून तर आम्ही म्हणतो की वास्तू कुणाच्या भावनेवर, कुणाच्या निष्ठेवर सोडता येत नाही. ती नोंदीत असली पाहिजे. भावना मोर्चा काढते, नोंद बुलडोझर थांबवते.

आमचा स्वतःचा एक अनुभव सांगतो. एका कामगार वस्तीतला जुना विहार. पन्नासच्या दशकातल्या धम्मदीक्षेनंतर लोकांनी वर्गणी काढून बांधलेला, कौलारू. रस्ता रुंदीकरणात तो जाणार असं कळलं तेव्हा वस्तीतल्या पोरांना घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो. साहेबांनी विचारलं, "याला पुरावा काय? कधीचं बांधकाम?" आमच्याकडे आठवणी होत्या. म्हाताऱ्या आजींचं बोलणं होतं. कागद एकही नव्हता. त्या संध्याकाळी पोरांनी घरोघरी पत्र्याच्या पेट्या उघडल्या. वर्गणीची वही निघाली, चार आणे, आठ आणे लिहिलेली. भूमिपूजनाचा एक पिवळा पडलेला फोटो निघाला. विहार अजून उभा आहे, उद्याचं माहीत नाही. पण त्या वहीने साहेबांचा आवाज खाली आला, हे आम्ही पाहिलं.

तेव्हा तरुण मित्रांनो, काम काय आहे ते स्पष्ट आहे. आपापल्या शहरातले, तालुक्यातले विहार, वसतिगृहं, सभेची मैदानं, समता सैनिक दलाच्या जागा, छापखाने, बाबासाहेब मुक्कामाला थांबले ती घरं यांची यादी करा. फोटो काढा, तारीख लिहा, म्हाताऱ्यांच्या मुलाखती घ्या, सातबारा आणि मिळकत पत्रिका काढून ठेवा. वारसा यादीत भर घालण्यासाठी अर्ज करा आणि अर्जात 'सामाजिक इतिहास' हा निकष ठणकावून लिहा. यादीवर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा मुदत संपण्याआधी पोहोचा. वास्तू 'धोकादायक' ठरवली गेली तर स्वतंत्र तपासणीची मागणी करा, कारण 'धोकादायक' हा शब्द कधी इंजिनिअरचा असतो आणि कधी बिल्डरचा. आणि वारसा समित्यांवर आपला अभ्यासक असावा यासाठी भांडा.

महाडला ठराव आधी झाला होता, तळं खुलं व्हायला माणसं चालत जावी लागली. आजही नियम आहे, निकष आहे, खिडकी आहे. चालत जायचं काम आपलं आहे.

जय भीम!