सामान कोण उचलणार?

होल्डॉल शिवून झाला की दादा, म्हणजे माझे वडील, तो दुकानाच्या फरशीवर उलगडायचे आणि स्वतः त्यात आडवे व्हायचे. डोकं एका टोकाच्या खिशावर, टाचा दुसऱ्या टोकाच्या. दोन मिनिटं डोळे मिटून पडायचे, मग उठून पट्टे आवळायचे आणि मला म्हणायचे, "उचल." मी आठ-नऊ वर्षांची. रिकामा होल्डॉलसुद्धा माझ्या दोन्ही हातांना जड व्हायचा. "नाही उचलत ना? मग माल चोख आहे."

नाशिकला रविवार कारंज्याजवळ आमचा दहा बाय बाराचा गाळा होता. दादा हे काम देवळाली कॅम्पात शिकले. साहेबाच्या पलटणी तिथे उतरायच्या, मुक्काम करायच्या, पुढे जायच्या. त्यांच्या अंथरुणाच्या कॅनव्हासच्या वळकट्या दुरुस्तीला यायच्या. त्या उसवता-उसवता दादांना माप कळलं. पुढे साहेब गेला आणि त्याचं अंथरूण देशी मास्तर, कारकून, वकील पाठीला लावून हिंडू लागले. दादा 'वळकटी' आणि 'होल्डॉल' यांत काटेकोर फरक करत. सतरंजीत गादी गुंडाळून सुतळीने आवळली की ती वळकटी. जाड कॅनव्हास, दोन्ही टोकांना खिसे, बाजूंना झडपा, दोन चामडी पट्टे, पितळी बक्कल आणि वर मूठ असली की तो होल्डॉल. एका खिशात उशी, दुसऱ्यात चपला आणि कपडे, मधे गादी, चादर, शाल. दाभणाने आणि मेण लावलेल्या दोऱ्याने मूठ शिवायला अर्धी दुपार लागायची, कारण सगळा भार तिथेच यायचा.

आजच्या पोरांना प्रश्न पडतो, प्रवासाला गादी कशाला? कारण गाडीत फळी होती, नुसती लाकडी फळी. काशीला जायचं म्हणजे तिच्यावर दीड दिवस आणि एक रात्र काढायची. त्यामुळे माणूस निघताना घराचा एक तुकडाच उचलून न्यायचा. वळकटी, पत्र्याची ट्रंक, दशम्यांचा डबा आणि फिरकीचा तांब्या. तो तांब्या आमच्याकडच्या तांबट लेनमधलाच. झाकण पिळून बसवलं की गाडी कितीही हेलकावली तरी थेंब सांडायचा नाही. मात्र पाण्याने भरलेलं ते पितळ उचलून बघा एकदा.

वळकटीचा आणखी एक उपयोग जाहिरातीत लिहीत नसत. गाडी फलाटाला लागताना ती खिडकीतून आत फेकायची. जिथे पडली ती जागा आपली. हे काम पुरुषांचं. बाई एकटी असेल तर तिची वळकटी फेकणार कोण, आणि नाही फेकली तर ती बसणार कुठे? आमच्या घरी कुठलीही बाई प्रवासाचं नाव काढायची तेव्हा पहिला प्रश्न भाड्याचा नसायचा. तो असायचा, "सामान कोण उचलणार?" मी हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की बाईच्या प्रवासाचा इतिहास लिहायचा तर तो याच प्रश्नापासून लिहावा असं मला वाटतं.

आगगाडीच्या आधी तर प्रश्नच नव्हता. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेत निघाले ते कर्ज फेडायला दक्षिणा मिळेल या आशेने. पोचले ते बंडाच्या वणव्यात. त्यांच्या 'माझा प्रवास'मधली लढाई सगळ्यांना आठवते. मला आठवते ती कावड. काशीची गंगा खांद्यावर वाहून त्यांनी घरी आणली आणि आईवडिलांना तिची आंघोळ घातली. आईने काशीला जायचं नाही, काशीने आईकडे यायचं. पुढे १८६५ मध्ये थळ घाटाची चढण रुळांनी पार केली, १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता मार्ग जोडला गेला आणि नाशिकच्या माणसाला उत्तरेचं दार उघडलं. बायांसाठी मात्र दार उघडून भागत नाही. १८९० च्या रेल्वे कायद्यात एक कलम आलं. प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा फक्त बायकांसाठी राखायचा, आणि गाडी ५० मैलांहून लांब जाणार असेल तर त्या कप्प्याला संडास हवा. कायदे वाचताना माझे डोळे कधी पाणावत नाहीत, पण हे कलम लिहिणाऱ्याच्या घरात कुणीतरी बाई तोंड उघडून बोलली असणार, असं वाटून गेलं खरं.

त्या कलमाच्याही आधी, डॉक्टरकी शिकायला निघालेल्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा, नवरा मागे हिंदुस्थानात. पंडिता रमाबाई लहानपणापासून आईवडिलांबरोबर तीर्थांमागून तीर्थं पायी तुडवलेल्या. त्या १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला अमेरिकेत गेल्या आणि त्या देशावर मराठीत पुस्तक लिहून बसल्या. दोघींचे फोटो आमच्या शाळेत होते, भिंतीवर उंच, देवांच्या रांगेत. मला जवळच्या वाटतात त्या पार्वतीबाई आठवले, महर्षी कर्व्यांच्या मेहुणी. विधवा, इंग्रजी जेमतेम, वय पन्नाशीला टेकलेलं आणि १९१८ मध्ये अमेरिकेला निघाल्या. तिथे परक्यांच्या घरी धुणीभांडी करून राहिल्या. प्रवासाचा खर्च असा भांड्यांच्या राखेतून काढणारी बाई आमच्या वाड्यात सहज खपून गेली असती.

कारण पैसा आमच्याकडेही तसाच निघायचा. तांदळाच्या डब्याच्या तळाशी, देवाच्या कोनाड्यातल्या पोथीत, लुगड्याच्या घडीत. मी १९७९ मध्ये पोस्टात लागले आणि पुढची पस्तीस वर्षं खिडकीआड काढली, तेव्हा हे सगळे तळ आणि कोनाडे माझ्यासमोर रिते व्हायचे. दर महिन्याला दहा रुपयांचं रिकरिंग भरायला येणाऱ्या बाया असत. सुट्या नाण्यांना हळदीचा, हिंगाचा वास. पैसे भरून झाल्यावर एक-दोघी हळूच म्हणायच्या, "ताई, पासबुक इथेच ठेवता का?" नियमात बसायचं नाही, मला नाही म्हणावं लागायचं. मग ते ब्लाउजमध्ये जायचं. कशासाठी साठवता असं विचारलं की मुलीचं लग्न, शिलाई मशीन ही उत्तरं ठरलेली. एकीने मात्र आजूबाजूला बघून सांगितलं होतं, "समुद्र बघायचाय." नाशिकहून मुंबई ती केवढी!

आणि भिशी होतीच. आता भिशी म्हटलं की साड्या, तंबोला आणि हॉटेलातलं जेवण डोळ्यांपुढे येतं, पण शब्द मुळात एकत्र जेवणखर्चाचा आहे. वारीत दिंडीकडे जेवणाखाण्याचे पैसे भरतात, तीही भिशीच. आमच्या आईने वाड्यातल्या आठ जणींची भिशी लावली तेव्हा तिने रीत मोडली. दर महिन्याला चिठ्ठी काढायची आणि एकीने रक्कम उचलायची, हे नाही. कुणीच उचलायचं नाही. माणशी पंधरा रुपये, पोस्टात टाकायचे, दोन वर्षं हात लावायचा नाही. दोन वर्षांनी प्रयाग, काशी, गया. मधे दोघींनी पैसे परत मागितले, एकीच्या घरी आजारपण, एकीच्या घरी दिराचं दुकान. सहा जणी उरल्या.

दादांनी विचारलंच. "सामान कोण उचलणार?"

आई म्हणाली, "तुम्ही शिवता ते जड, हे आधी कबूल करा."

हा वाद चार दिवस चालला. दादांचा होल्डॉल भरला की पंधरा किलोंच्या घरात जायचा. शेवटी आईने दोघींत एक असा हिशेब केला. गाद्या रद्द, फक्त गोधड्या. ट्रंका रद्द, कापडी पिशव्या. फिरकीचा तांब्या मात्र तिने सोडला नाही. दादांनी त्या तीन होल्डॉलना आयुष्यात प्रथमच पातळ कॅनव्हास वापरला आणि मधे एकाऐवजी दोन मुठी लावल्या, दोन बायांना दोन बाजूंनी धरता यावं म्हणून. काम करताना ते एक शब्द बोलले नाहीत. मला विचाराल तर त्यांनी आयुष्यात शिवलेली सर्वांत हुशार वस्तू तीच.

१९८२ च्या मार्गशीर्षात दोन टांग्यांतून सहा बाया नाशिकरोडला गेल्या. हमालाने भाव सांगितला, आईने बिल्ल्यावरचा नंबर मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाली, "भाऊ, आम्ही उचलतो, तू फक्त डबा दाखव." अठरा दिवसांनी परत आल्या त्या उन्हाने काळवंडलेल्या, प्रत्येकीकडे गंगेचा झाळलेला गडू. आईने घरात पाऊल टाकल्यावर काशीचं काही सांगितलं नाही. म्हणाली, "अहो, येताना फळीला गादी होती."

दादा हसले. "कुणाची?"

"सरकारची."

ती गादी मधू दंडवत्यांची. १९७७ ते १९७९ ते रेल्वेमंत्री होते, तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी बर्थवर दोन इंच फोम घालायला त्यांनी सुरुवात केली. कोकण रेल्वेसाठी त्यांचं नाव निघतं, निघायलाच हवं. पण माझ्या लेखी त्या दोन इंचांची किंमत जास्त आहे. डब्यामागून डबे बदलत गेले आणि त्याबरोबर गादी वाहून नेण्याचं कारणच संपलं. एका मंत्र्याने आमचा धंदा बुडवला, असं दादा म्हणत, पण रागाने नाही. निवडणुकीत मत मात्र त्यांच्याच पक्षाला देत.

दुसरा घाव तर गावातूनच आला. व्हीआयपीचा कारखाना नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या दुकानापासून सायकलच्या अंतरावर. साच्यातून निघालेल्या गुळगुळीत सुटकेसा लग्नाच्या रुखवतात मांडलेल्या दिसू लागल्या. दादा बोटाने टकटक वाजवून म्हणत, "याच्यावर झोपून दाखवा." कुणी झोपायला मागत नव्हतं. १९८८ पर्यंत दुकानात होल्डॉलऐवजी शाळेची दप्तरं आणि स्कूटरची सीटकव्हरं शिवली जात होती.

चाकं फार उशिरा आली. अमेरिकेत बर्नार्ड सॅडो नावाच्या माणसाने १९७० मध्ये सुटकेसला चाकं लावली, १९७२ मध्ये पेटंट मिळवलं. दुकानदार घेईनात. बायकोची बॅग नवरा उचलतो, चाकं कशाला, अशी तिथली समजूत आड आली, असं पुढे त्यानेच सांगितलं. म्हणजे आमच्या वाड्यातला प्रश्न तिकडेही होताच, फक्त इंग्रजीत! पुढे १९८७ मध्ये रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने उभी, लांब दांड्याची, दोन चाकांची बॅग केली. ती आधी विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या हाती दिसली आणि मग जगभर गेली. चाकांचा शोध हजारो वर्षांचा, बॅगांचा शेकडो वर्षांचा, आणि दोघांची गाठ पडायला बाई एकटी विमानतळावर उभी राहावी लागली. माझं हे मत कुणाला भाबडं वाटेल. वाटू दे, मी हमालाशी घासाघीस केलेली आहे.

त्यानंतरचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगते. यात्रा कंपन्या आमच्या नाशकात होत्याच, आचाऱ्यासकट लोकांना चारधाम फिरवणाऱ्या. केसरी १९८४ मध्ये सुरू झाली, वीणा वर्ल्ड २०१३ मध्ये, आणि फक्त बायकांच्या सहली ही मराठी घरातली नेहमीची गोष्ट झाली. मीही एकदा गेले. सगळ्यांना सारख्या टोप्या घालायला लावतात, ते मला आवडलं नाही. पण विमानतळावरच्या पट्ट्यावरून चाळीस बायांनी चाळीस बॅगा स्वतः ओढून घेतल्या तेव्हा मी बाजूला उभी राहून बघत बसले आणि माझी बॅग दुसऱ्या फेरीला गेली. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. सप्तशृंगीच्या गाडीत आता पुरुषांना उभं राहावं लागतं. 'समुद्र बघायचाय' म्हणणारी ती बाई आज कुठे असेल, असं त्या गाडीत बसल्यावर दर वेळी मनात येतं.

गेल्या मे महिन्यात भाची आली. चोवीस वर्षांची, नोकरीला लागून दीड वर्ष. हिमालयात ट्रेकला निघाली होती. पैसे कसे जमवले विचारलं तर म्हणाली, "मावशी, एसआयपी. दर महिन्याला आपोआप कटतात, मीही हात लावत नाही." आईची भिशीच की. मग तिने पाठीवरच्या सॅकमधून एक गुंडाळी काढली, पट्टे सोडले आणि हॉलच्या फरशीवर उलगडली. स्लीपिंग बॅग. मी माळ्यावर चढून दोन मुठींचा होल्डॉल खाली काढला. आत आता हिवाळ्याच्या रजया असतात. दोन्ही शेजारी-शेजारी अंथरले. तिने तिचा बॅगा तोलायचा हुकाचा काटा आणला. होल्डॉल, रिकामा, पातळ कॅनव्हासचा, तीन किलो चारशे. तिची बॅग एक किलो शंभर.

"याला दोन मुठी का गं?" तिने विचारलं.

मी एक मूठ धरली, दुसरी तिच्या हातात दिली, आणि आम्ही तो उचलून पुन्हा माळ्यावर ठेवला.