पाणी शुद्ध झालं, पण हिरवेपणाचं काय?

शेवाळाकडून मैलापाणी शुद्ध करून घ्यायची कल्पना कुणा शास्त्रज्ञाला प्रयोगशाळेत सुचली असेल, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तिच्या सुरुवातीच्या गोष्टींपैकी एक आहे ती पैसे वाचवण्याच्या नादातली.

कॅलिफोर्नियातलं सांता रोझा, साल १९२४. शुद्धीकरण केंद्राचा खर्च टाळायचा होता आणि मैलापाणी थेट ओढ्यातही सोडायचं नव्हतं. म्हणून गावानं ते खडीच्या थरात मुरवायचं ठरवलं. खडी आपोआप गाळून देईल, असा हिशेब. पण खडीची छिद्रं बुजली, पाणी मुरेना आणि तिथं जेमतेम तीन फूट खोल तळं साचलं. फसलीच की योजना! गंमत अशी, की तळ्यातून बाहेर पडणारं पाणी रीतसर केंद्रातून येणाऱ्या पाण्याच्या तोडीचं निघालं.

याचं कारण साधं आहे. जिवाणू घाण खातात, पण त्यांना प्राणवायू लागतो. नेहमीच्या केंद्रात तो विजेच्या यंत्रांनी पुरवावा लागतो. तळ्यात तेच काम क्लोरेलासारखी डोळ्यांना न दिसणारी शैवालं उन्हावर करतात. जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड ती घेतात; शिवाय अमोनिया, फॉस्फेटही.

हा देवघेवीचा व्यवहार नीट मांडला तो बर्कलीच्या विद्यापीठात. लुडविग, ऑसवाल्ड, गोटास प्रभृतींचा निबंध १९५१चा. पुढे विल्यम ऑसवाल्ड यांनी या विषयाला आयुष्यच वाहिलं. त्यांचं तळं म्हणजे फूटभर खोलीचा गोल फिरणारा चर. पाणी संथपणे फिरत ठेवायचं, म्हणजे प्रत्येक पेशीला आळीपाळीनं ऊन मिळतं.

आता खरी अडचण बघा. घाण गेली कुठं? बरीचशी शैवालाच्या अंगात. ते हिरवं पाणी तसंच नदीत सोडलं, तर शैवाल मरतं, कुजतं आणि नदीतला प्राणवायू खातं. म्हणजे एका दारानं काढलेली घाण दुसऱ्या दारानं आत! या पेशी मिलिमीटरच्या काही हजारांशाएवढ्या, वजनाला पाण्याच्या जवळपास. सहजी तळाला बसत नाहीत. यंत्रानं घुसळून वेगळ्या काढायच्या तर खर्च, तुरटी घालावी तर गाळ वाढतो. माझ्या मते या विषयाचा इतिहास शुद्धीकरणाचा कमी आणि या कापणीचा जास्त आहे. पुंजके करून राहणाऱ्या, आपसूक खाली बसणाऱ्या जाती वाढवायची धडपड त्यातूनच आली.

आपल्याकडे हा विषय लावून धरला तो नागपूरनं. १९५८मध्ये तिथं केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था निघाली. १९७४पासूनची आपली ‘नीरी’. सोली आर्सीवाला आणि सहकाऱ्यांचं भारतातल्या अशा तळ्यांवरचं पुस्तक तिथूनच १९७०मध्ये आलं. आपल्याकडे ऊन फुकट, वीज महाग; विषय इथलाच वाटावा असा. शिवाय ते पाणी शेताला द्यायचं असेल, तर शैवाल काढायची घाई नाही, ते खतच. रोगजंतूंची खात्री मात्र करायलाच हवी.

मग गावोगावी अशी तळी का दिसत नाहीत? कारण ती पसरट लागतात, आणि शहर वाढलं की पहिली नजर जाते ती अशाच मोकळ्या जमिनीवर.