पशुवैद्यक शिकायला परदेशी जावे काय?

बारावी शास्त्र शाखेतील विद्यार्थ्यांशी पुढच्या शिक्षणाबद्दल बोलताना अलीकडे शिक्षकांना एक नवा प्रश्न ऐकू येतो. 'पशुवैद्यक व्हायचे आहे, पण परदेशात शिकायचे आहे. जावे का?' विचारणारा बहुधा शहरातला असतो. घरी कुत्रा किंवा मांजर असते, वन्यप्राण्यांविषयीचे चित्रपट पाहिलेले असतात. 'गुरांचा डॉक्टर' या शब्दामागची हेटाळणीही त्याच्या कानावर आलेली असते. परदेशी पदवीमुळे ही हेटाळणी पुसली जाईल, अशीही एक आशा त्या प्रश्नामागे असते.

या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देण्याची घाई आम्ही करणार नाही. आधी हा प्रश्न आला कोठून ते पाहू. 'परदेशात शिकलेला तो खरा पशुवैद्य' ही समजूत आजची नाही. तिला सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात पुण्यातच होते.

घोड्यांसाठी शाळा

आधुनिक पद्धतीचे पशुवैद्यक शिकवणारी भारतातील पहिली संस्था पुण्यात निघाली. १८६२ साली येथे लष्करी पशुवैद्यक शाळा सुरू झाली. तिचा हेतू अगदी मर्यादित होता. घोडदळाचे आणि तोफखान्याचे घोडे धडधाकट राहावेत, एवढेच सरकारला हवे होते. आपल्याकडे घोड्यांवर उपचार करणारे सालोत्री पूर्वीपासून होते. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य मानल्या गेलेल्या शालिहोत्राच्या नावावरून हा शब्द आला. अशा कामासाठी माणसे नव्या रीतीने तयार करावीत, अशी ती योजना होती.

पशुवैद्यकाचे शिक्षण खुद्द युरोपातही फार जुने नव्हते. क्लोद बुर्जला या फ्रेंच गृहस्थाने लियों शहरात जगातील पहिले पशुवैद्यक विद्यालय स्थापले ते १७६१ साली. गुरांच्या साथींनी त्या काळी युरोपातला शेतकरी हैराण झाला होता. लंडनचे विद्यालय १७९१ साली निघाले. तेथे पहिली अनेक दशके भर होता तो घोड्यांवर, कारण वाहतूक आणि लष्कर दोन्ही घोड्यांवर अवलंबून होती. पुण्याच्या शाळेत हीच लंडनची दृष्टी आली. आपल्या शेतकऱ्याचा बैल आणि म्हैस त्या शाळेच्या कक्षेबाहेर राहिली.

एकाच व्यवसायात दोन जिने

गुरांकडे सरकारचे लक्ष वळले ते साथींमुळे. १८६५ ते १८६७ या काळात बुळकांडीच्या साथीने ब्रिटनमधील गुरांचा मोठा संहार केला. भारतात तर हा रोग ठाण मांडून होता. १८७१ साली गुरांच्या साथींविषयीच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला. पुढे १८८६ साली मुंबईत परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून उभे राहिलेले बाई साकरबाई पेटिट जनावरांचे रुग्णालय शेजारीच होते. जे. एच. स्टील हे पहिले प्राचार्य. येथून बाहेर पडणाऱ्याला पदवी नव्हे, तर महाविद्यालयाची पदविका मिळे. नावापुढे 'जीबीव्हीसी' ही अक्षरे लागत.

आता आपल्या प्रश्नाचे मूळ दिसू लागते. सरकारी पशुवैद्यक खात्यात वरच्या जागा होत्या आणि खालच्या जागा होत्या. वरच्या जागांसाठी 'एमआरसीव्हीएस' म्हणजे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्सचे सदस्यत्व लागे. या संस्थेला १८४४ साली राजसनद मिळाली होती. ती स्वतः शिकवत नसे. परीक्षा घेणे आणि नोंदणी करणे हे तिचे काम. त्या परीक्षेला बसायचे तर लंडन, एडिंबरो, ग्लासगो, लिव्हरपूल अशा ठिकाणच्या विद्यालयांत शिकावे लागे. मुंबईची पदविका घेतलेला मनुष्य गावोगाव फिरून टोचणी करी, दवाखाना चालवी आणि बढती घेत घेत एका पायरीवर थांबे. पुढचा जिना आगबोटीने सुरू होत असे.

म्हणजे त्या काळच्या विद्यार्थ्याला विलायतेची ओढ वाटे, ती केवळ तिथल्या ज्ञानामुळे नव्हे. तिथली चार-पाच अक्षरे नावापुढे लागल्याशिवाय येथले दार उघडत नसे. मान्यता कोण देतो, हा खरा मुद्दा होता. ज्ञान आणि मान्यता या दोन गोष्टी आपण बोलताना एकच समजतो. पशुवैद्यकाच्या इतिहासात त्या वेगळ्या आहेत आणि कित्येकदा विरुद्ध दिशेला राहिल्या आहेत.

उलटी वाट

विद्यार्थी विलायतेकडे पाहत होते त्याच काळात विलायतेतील संशोधक इकडे येत होते. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात शाही जीवाणुशास्त्र प्रयोगशाळा सुरू झाली. तिला जागा मिळाली ती कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आज ज्याला आपण सीओईपी म्हणतो त्या अभियांत्रिकी संस्थेत. प्रमुख होते डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड. घोड्यांना आणि उंटांना होणाऱ्या सर्रा या रोगाचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली डेरा इस्माईलखान येथे शोधला होता. लिंगार्ड यांनी पुण्यात याच रोगाचा अभ्यास पुढे नेला. बुळकांडीसारख्या झपाट्याने पसरणाऱ्या रोगावर भर वस्तीत काम करणे मात्र धोक्याचे होते. म्हणून १८९३ साली प्रयोगशाळा हिमालयातील मुक्तेश्वर या एकाकी, थंड ठिकाणी हलवली गेली. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचा उगम तो हाच. या संस्थेचे मुख्य ठिकाण आता बरेलीजवळ इज्जतनगर येथे आहे.

१८९७ साली प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईत आलेले रॉबर्ट कॉख मुक्तेश्वरला गेले, ते बुळकांडीविषयी सल्ला देण्यासाठी. त्याआधी ते दक्षिण आफ्रिकेत याच रोगावर काम करीत होते. पुढे १९२० च्या दशकात मुक्तेश्वरलाच जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा वारंवार नेऊन त्याची गुरांवरील तीव्रता कमी केली आणि त्यातून लस तयार झाली. वॉल्टर प्लोराइट हे शिकले लंडनला, पण बुळकांडीची पेशीसंवर्धनावर वाढवलेली लस त्यांनी सिद्ध केली केनियात. कारण रोग तेथे होता, गुरे तेथे होती. भारतातली बुळकांडीची शेवटची साथ १९९५ सालची. २०११ साली हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर निर्मूलन झालेला हा दुसराच रोग.

पशुवैद्यकातील मोठ्या कामांची जागा कशी ठरली हे यावरून ध्यानात येते. पदवी लंडनची असो की परळची, संशोधकाला रोगापाशी जावे लागले.

जिना बदलला

१९३६ साली मद्रासच्या महाविद्यालयात भारतातील पहिला पशुवैद्यक पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर विलायती अक्षरांची सक्ती उरली नाही. महाराष्ट्रात नागपूर (१९५८), परभणी (१९७२), शिरवळ (१९८८) अशी महाविद्यालये निघाली. २००० साली नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. पुण्याच्या विद्यार्थ्याला यांपैकी सातारा रस्त्यावरचे शिरवळ सर्वांत जवळ. परदेशी जाण्याची रीतही बदलली. पहिली पदवी येथे घ्यायची आणि विशेष अभ्यासासाठी किंवा संशोधनासाठी बाहेर जायचे, अशी नवी वाट तयार झाली.

मुलींची वाट आणखी उशिरा मोकळी झाली आणि तेथेही अडसर मान्यतेचाच होता. एलीन कस्ट या आयरिश तरुणीने १९०० साली एडिंबरोला अभ्यासक्रम पुरा केला. पण स्त्री म्हणून त्यांना व्यावसायिक परीक्षेला बसू दिले गेले नाही. सदस्यत्व मिळाले ते १९२२ साली, कायदा बदलल्यानंतर. मधली बावीस वर्षे त्यांचे ज्ञान तेच होते, नोंदणी तेवढी नव्हती.

आजचा विद्यार्थी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आज ज्ञानाच्या बाबतीत जग जवळ आले आहे, पण मान्यतेच्या सीमा अजून पक्क्या आहेत. भारतात व्यवसाय करायचा तर भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ लागू होतो. नोंदणी हवी आणि पदवी त्या कायद्याच्या परिशिष्टांतील असावी लागते. परदेशी संस्थांच्या पदव्यांसाठी वेगळे परिशिष्ट आहे. तेव्हा जाण्यापूर्वी ते पाहणे भाग आहे. उलट बाजूने, येथली पदवी घेऊन अमेरिकेत जाणाऱ्यास आपली पदवी तिथल्या पदवीशी समतुल्य असल्याचे अनेक टप्प्यांच्या परीक्षांतून सिद्ध करावे लागते आणि परवान्याची परीक्षाही द्यावी लागते. ब्रिटनमध्येही रॉयल कॉलेजची वेगळी परीक्षा आहे. अमेरिकेत हा अभ्यासक्रम बहुधा महाविद्यालयातील काही वर्षांच्या शिक्षणानंतर सुरू होतो आणि चार वर्षे चालतो. आपल्याकडे बारावीनंतर थेट प्रवेश मिळतो आणि प्रशिक्षणासह साडेपाच वर्षे लागतात. वय आणि खर्च यांचा हिशेब यामुळे फार बदलतो.

दुसरा मुद्दा जनावरांचा. ज्या देशात शिकतो तिथली जनावरे, तिथले रोग आणि तिथला शेतकरी विद्यार्थ्याच्या हाताखालून जातो. लाळ्या खुरकूत हा आपल्याकडचा रोजचा रोग. ब्रिटनमध्ये तो एरवी आढळत नाही, म्हणून २००१ साली आला तेव्हा हाहाकार उडाला आणि लाखो जनावरे मारावी लागली. २०२२ साली लम्पी त्वचारोगाने महाराष्ट्रातील गोठे हादरले. हा रोग प्रथम नोंदला गेला १९२९ साली आफ्रिकेत, आजच्या झांबियात. भारतात तो २०१९ साली ओडिशात आढळला. त्यावरील देशी लस हिस्सार आणि इज्जतनगर येथील संशोधकांनी तयार केली आणि तिच्या उत्पादनाचे तंत्रज्ञान पुण्यातील औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला देण्यात आले. असा रोग अंगाखालून गेलेला पशुवैद्य कोठेही कमी पडत नाही. मात्र कुत्र्या-मांजरांची अवघड शस्त्रक्रिया, प्राणिसंग्रहालयातील वैद्यक किंवा रोगनिदानाची महागडी साधने यांचा सराव परदेशातील काही विद्यालयांत अधिक मिळतो, हेही मान्य केले पाहिजे.

म्हणून शिक्षकांनी विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारावेत, असे आम्हाला वाटते. काम कोणत्या देशात करायचे आहे? कोणत्या जनावरांवर करायचे आहे? आणि त्या देशात त्या कामाची मान्यता कोण देतो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्याने स्वतः द्यायची आहेत. तिसऱ्याचे उत्तर कागदोपत्री मिळते आणि ते शुल्क भरण्याआधी वाचायचे असते. तिन्ही उत्तरे एका दिशेला गेली तर खुशाल जावे. नाही गेली, तर पहिली पदवी येथे घेऊन पुढच्या अभ्यासासाठी बाहेर जाण्याचा मार्ग आहेच.

राहिली हेटाळणी. ती परदेशी पदवीने जात नाही. वर्गात 'पशुवैद्यक म्हणजे काय' हे सांगताना बुळकांडीची गोष्ट सांगून पाहावी. पुण्यातल्या एका महाविद्यालयात सुरू झालेल्या प्रयोगशाळेचा त्या रोगाच्या अंताशी संबंध आहे हे कळले, म्हणजे 'गुरांचा डॉक्टर' हा शब्द मुले वेगळ्या कानांनी ऐकतील.