पाळणा आणि कोयता

बाळंतिणीचा हक्क या मुलखाला नवा नाही. 1928 मध्ये मुंबई कायदे मंडळात डॉ. आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली आणि 1929 मध्ये प्रसूती लाभ कायदा झाला. पण तो कारखान्यात राबणाऱ्या बाईपुरता. पुढे आलेल्या केंद्रीय कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने रजा 26 आठवड्यांची केली, 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. गगनबावड्याच्या उसाच्या फडात मात्र नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजतात. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, बहुधा नवऱ्याच्या नावावर, आणि तान्हं मूल पाचटाजवळ साडीच्या झोळीत. ही माणसं मुकादमाची, साखर कारखान्याची नव्हेत, असं सांगितलं जातं. पण उचलीचा पैसा कारखान्याकडूनच मुकादमाकडे येतो आणि त्या बाईने बांधलेली मोळी कारखान्याच्याच गव्हाणीत पडते. पाळण्याची जबाबदारी तेवढी वाटेत मुकादमापाशी अडावी, हे मला मान्य नाही.