एकशे सोळा रुग्ण आणि एक प्रश्न : प्रमाणाचे परिकल्पना परीक्षण

९ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त अरब अमिरातीच्या आरोग्य मंत्रालयाने सिनोफार्मच्या बीजिंग येथील संस्थेची लस अधिकृतपणे नोंदणीकृत केली. अंतरिम परिणामकारकता ८६ टक्के असल्याचे जाहीर झाले. मात्र ती टक्केवारी किती रुग्णांवरून काढली, हे त्या घोषणेत नव्हते. रुग्णसंख्येविना टक्केवारी पडताळता येत नाही. तो तपशील २६ मे २०२१ रोजी अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रमाणाचे परिकल्पना परीक्षण समजून घेण्यासाठी तो उत्तम नमुना आहे.

अमिरात व बहारीन येथे झालेल्या या चाचणीत तीन गट होते : दोन वेगवेगळ्या लशींचे, आणि तिसरा केवळ ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची सुई घेणारा नियंत्रण गट. कोणाला कोणती सुई द्यायची, हे यादृच्छिक पद्धतीने ठरले. मुख्य विश्लेषणात बीजिंग लशीच्या गटात १२,७२६, तर नियंत्रण गटात १२,७३७ व्यक्ती होत्या. लक्षणे असलेले कोविडचे रुग्ण अनुक्रमे २१ आणि ९५ आढळले.

परीक्षणाची पहिली पायरी म्हणजे शून्य परिकल्पना मांडणे : ‘लस निरुपयोगी आहे.’ हे खरे असेल, तर दोन्ही गट जवळजवळ सारखेच मोठे असल्याने एकूण ११६ रुग्णांपैकी निम्मे लशीच्या गटातले असावेत. म्हणजे अपेक्षित प्रमाण ०.५. पर्यायी परिकल्पना : हे प्रमाण ०.५ नाही. सार्थकता पातळी आकडे पाहण्यापूर्वीच ठरवावी. रूढ पातळी ५ टक्के आहे.

दुसरी पायरी प्रमाण त्रुटीची. अपेक्षित प्रमाणाला एकातून ते वजा करून आलेल्या संख्येने गुणावे, नमुन्याच्या आकाराने भागावे आणि वर्गमूळ काढावे. येथे ०.५ गुणिले ०.५ भागिले ११६, याचे वर्गमूळ ०.०४६ येते. प्रत्यक्ष प्रमाण २१ भागिले ११६, म्हणजे ०.१८१. अपेक्षेपासूनचे अंतर ०.३१९, त्याला प्रमाण त्रुटीने भागले असता झेड मूल्य सुमारे उणे ६.९ मिळते. ५ टक्के पातळीला सीमा १.९६ ची असते. लस निरुपयोगी असती, तर निव्वळ योगायोगाने एवढी तफावत दिसण्याची शक्यता अब्जात एकाहूनही कमी आहे. शून्य परिकल्पना नाकारावीच लागते.

पण ‘अगदीच निरुपयोगी नाही’ एवढ्याने समाधान मानावे काय? जागतिक आरोग्य संघटनेने किमान ५० टक्के परिणामकारकतेची अपेक्षा ठेवली होती. तीच शून्य परिकल्पना मानली, तर नियंत्रण गटातील दर दोन रुग्णांमागे लशीच्या गटात एक रुग्ण अपेक्षित. म्हणजे प्रमाण एक-तृतीयांश. आता प्रमाण त्रुटी ०.०४४ आणि झेड उणे ३.५ येते. हा कठोर निकषही पार होतो. संशोधकांनी या अंतरिम विश्लेषणात काढलेली परिणामकारकता ७८.१ टक्के होती, आणि तिचा ९५ टक्के विश्वासांतराल ६४.८ ते ८६.३ असा होता.

आता याच चाचणीतील दुसरा आकडा पाहू. गंभीर आजाराचे रुग्ण तिन्ही गटांत मिळून दोनच होते, आणि ते दोघेही नियंत्रण गटातले. ‘गंभीर आजारापासून शंभर टक्के संरक्षण’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह येथे होतो. परंतु लशी निरुपयोगी असत्या, तरी दोघेही त्याच गटात असण्याची शक्यता एक-तृतीयांश गुणिले एक-तृतीयांश, म्हणजे सुमारे ११ टक्के होती. ती ५ टक्क्यांहून अधिक असल्याने शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. याचा अर्थ संरक्षण नाही असा नव्हे. दोन रुग्णांचा पुरावा निकालास अपुरा आहे, एवढाच. शिवाय अपेक्षित संख्या इतकी लहान असताना झेड पद्धत वापरू नये. दोन्ही बाजूंची अपेक्षित संख्या निदान १० असावी, हा सर्वसाधारण नियम आहे.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. मुख्य विश्लेषणातील सहभागींचे सरासरी वय सुमारे ३६ वर्षे होते आणि ८४ टक्के पुरुष होते. झेड मूल्य कितीही मोठे असले, तरी ते या समूहाविषयीच बोलते. भारतातील वृद्ध आईवडिलांना हाच निष्कर्ष लागू होईल, असे ते सांगत नाही. तो प्रश्न सार्थकतेचा नाही, नमुन्याच्या प्रातिनिधिकतेचा आहे. आणि त्याचे उत्तर कोणत्याही सूत्रात सापडत नाही.