जर, नेढे आणि टीप : बीड जिल्ह्यातील जरीच्या शिवणीविषयी

मराठवाड्यातील जरीचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी प्रथम पैठणच्या मागाकडे आणि औरंगाबादच्या हिमरू-किनखापाकडे जाते, व बहुधा तेथेच थांबते. गोदावरी ओलांडून दक्षिणेस आले की बीड जिल्हा लागतो. या जिल्ह्याला जरीच्या विणकामाची तशी ख्याती नाही. 1908 च्या इंपीरियल गॅझेटियरने बीड शहराची प्रसिद्धी म्हणून नोंदवल्या त्या चामड्याच्या छागली आणि गुप्त्या. परंतु जेथे जर विणली जात नाही तेथे तिला इतिहासच नाही, असे मानणे म्हणजे कागदाच्या सोयीने इतिहास लिहिणे होय. अंबाजोगाईच्या योगेश्वरीला वाहिलेले खण, लग्नातील शालू आणि त्यावरची चोळी, मुलाच्या मुंजीतील टोपी या सर्वांतून जर येथील घरांत येतच राहिली. ती आली तयार काठाच्या किंवा सुट्या धाग्याच्या रूपाने, आणि पडली शिवणाऱ्याच्या हाती. येथे जरीचा इतिहास शोधावयाचा तो सुईपाशी.

या व्यवसायाची परिभाषा बव्हंशी फारसी-तुर्की मूळची आहे. ‘जर’ म्हणजे फारसीत सोने. ‘कलाबतू’ हा तुर्कीतून आलेला. मोल्सवर्थच्या कोशात हे शब्द मराठीचेच म्हणून नांदत आहेत, यावरून ते पेशवाई संपेपर्यंत किती रुळले होते हे कळते. बीडच्या बाबतीत त्यांना दुसराही आधार मिळाला. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि राज्यकारभाराची भाषा आधी फारसी, मग उर्दू होती. पुण्याच्या शिंप्याकडे जो शब्द दरबार मावळल्यावर स्मृतिरूपाने उरला, तो येथे चालत्या दरबाराच्या छायेत राहिला.

या शब्दांतील ‘जरदोजी’ विशेष विचार करण्याजोगा आहे. ‘दोख्तन’ म्हणजे शिवणे. त्या अर्थाने जरदोजी म्हणजे सोन्याने शिवणे. पण प्रत्यक्ष कृती पाहिली तर सोने येथे शिवत नाही, ते शिवले जाते. जरतारीचा धागा कापडावर आडवा निजवावयाचा आणि साध्या रेशमाच्या बारीक टाक्यांनी तो जागच्या जागी बांधावयाचा, ही रीत. तिचे कारण धाग्याच्या घडणीत आहे. मुलामा दिलेली चांदी जंतरातून ओढून तार काढतात, ती ठोकून चपटी केली की बादला होतो, आणि तो रेशमावर वा सुतावर गुंडाळला की कलाबतूचा धागा तयार होतो. म्हणजे धातू केवळ वरचे वेष्टन आहे. असा धागा वारंवार कापडातून ओढला तर वेष्टन उलगडते, आतले सूत उघडे पडते. जुन्या कारागिरांनी म्हणूनच धातूला कापडाच्या आरपार जाण्याचे कष्ट फारसे दिले नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिवणयंत्र आले आणि त्याने नेमकी हीच सावधगिरी मोडली. भारतात सिंगरची यंत्रे त्या शतकाच्या उत्तरार्धात पोहोचली. 1930 नंतरच्या दशकात कलकत्त्यात ‘उषा’ यंत्रे होऊ लागली, आणि पुढे हातमशीन-पायमशीन लहान गावांतील घरांतही दिसू लागली. या यंत्राची टीप दोन धाग्यांची असते. वरचा धागा सुईच्या नेढ्यातून जातो, परंतु एका टाक्यास लागतो त्याहून कितीतरी अधिक धागा प्रत्येक वेळी खाली ओढला जाऊन पुन्हा वर खेचला जातो. परिणामी धाग्याचा एकच तुकडा टाक्यात स्थिर होण्यापूर्वी त्या अरुंद नेढ्यातून अनेक वार खाली-वर घासला जातो. सुताला हे सोसते. जरीला सोसत नाही. ती पिळवटते, तिचा कीस निघतो आणि चार बोटांची टीप होते न होते तोच ती तुटते. मोठ्या नेढ्याची सुई, सैल केलेला ताण, मंद गती हे उपाय उपयोगी पडतात, पण ते सारे तडजोडीचेच.

खरा उपाय निराळा आहे. जर बॉबिनवर गुंडाळून खाली घालावयाची, बॉबिनच्या डबीवरील बारीक स्क्रू किंचित सैल करावयाचा, वर त्याच रंगाचा साधा दोरा ओवावयाचा आणि कापड पालथे घालून नक्षीची रेघ उलट्या बाजूने शिवत जावयाचे. बॉबिनचा धागा नेढ्यातून जातच नाही. तो कापडाच्या अंगास लागून पडून राहतो आणि वरचा दोरा त्याला टाक्याटाक्याने धरून ठेवतो. कापड सुलटे केले की जर वर येते. ही जरदोजीच आहे, फक्त पालथी. काळ्या रंगाच्या जुन्या घरगुती यंत्राला नागमोडी टीप येत नाही. म्हणून जर वर ठेवून तिच्यावरून नागमोडी शिवत जाण्याचा दुसरा मार्ग पिकोचे यंत्र असणाऱ्यांनाच मोकळा होता.

ज्या बायका घरी बसून चोळ्या शिवत त्यांच्या या युक्तीला कोणत्या दप्तरात स्थान मिळणार? कारखाना नाही, मजूर नाहीत, करही नाही. दप्तरात नाही म्हणून ती परंपरेबाहेरची ठरवणे मात्र न्याय्य नव्हे. कारचोबाच्या चौकटीवर बसणाऱ्या कारागिराने जे ओळखले होते तेच येथे यंत्राच्या पोटात पुन्हा सिद्ध झाले आहे.

दरम्यान धागाच पालटला. अमेरिकेत 1946 साली ‘लुरेक्स’ हे नाव बाजारात आले, आणि अॅल्युमिनियमचा पातळ थर दिलेल्या पारदर्शक पट्टीचा धागा पुढे सर्वत्र पसरला. त्यात सोने नाही, बहुधा चांदीही नाही, तरी दुकानात त्याला जरच म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ पूर्णपणे गळून गेला असून चकाकी तेवढी शिल्लक आहे. ही नवी पट्टीही नेढ्यात तशीच फाटते, आणि तिच्यासाठीही कापड पालथेच घालावे लागते.